साहेबाला समजेल असं

फाटकमामांचं आडनाव काही फाटक नव्हे. फरशांच्या त्या भल्यामोठ्या गोदामाच्या फाटकावर ते इतकी वर्षं बसले होते, की हमालांनी त्यांना फाटकालाच चिकटवून टाकलं. आधी ते स्वतःही हमालच होते. कमरेनं दगा दिला तेव्हा जुन्या मालकांनी त्यांना फाटकाच्या केबिनमध्ये खुर्ची दिली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि म्हणाले, "आता इथून हलायचं नाही." मामा हलले नाहीत. ट्रक आला की आडवा दांडा वर, गेला की खाली, मधल्या वेळात चहा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस. बरं चाललं होतं. पण कुणाचं बरं चाललेलं दैवाला बघवतं का कधी? गोदामात साहेब आला.

साहेब म्हणजे कुत्रा. तपकिरी अंग, काळं तोंड, उभे कान आणि चाल अशी की जणू गोदाम त्याच्या बापाचं. पहाऱ्याची कुत्री भाड्यानं देणाऱ्या एका एजन्सीनं तो पाठवला होता. तो फक्त इंग्रजीच ऐकतो असं कळल्यावर हमालांनी त्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं. कागदावर त्याचं काय नाव होतं ते नंतर कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

मॅनेजरनं मामांना आत बोलावलं. "मामा, एजन्सीची अट आहे. फाटकावरच्या माणसाला हा कुत्रा इंग्रजीतून हाताळता आला पाहिजे. महिन्याभरानं त्यांचा ट्रेनर परीक्षा घ्यायला येईल. जमलं तर फाटक तुमचं. नाही जमलं तर ते आपला माणूस बसवतील."

"आणि मी?"

मॅनेजर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाला, "बघू कुठेतरी."

या 'बघू'चा अर्थ मामांना चांगला ठाऊक होता. त्यांनी स्वतः किती जणांना तो फाटकावरून ऐकवला होता! कंबर ही अशी, वय हे असं. फाटक गेलं की यांना उभं कोण करणार?

कुत्र्याला सोडायला आलेला ट्रेनर पोरगेलासा होता, पण बोलणं तोललेलं. त्यानं नियम सांगितले. "हुकूम एकदाच द्यायचा, मामा. रागवायचं नाही, लाडीगोडी लावायची नाही, समजावत बसायचं नाही. हुकूम दिला की तोंड बंद." मग त्यानं करून दाखवलं. 'सिट डाउन' म्हटलं, साहेब बसला. 'गेट अप' म्हटलं, उठला. 'लाय डाउन', 'कम बॅक', 'बॅक ऑफ'. साहेबानं सगळं बिनबोभाट केलं. मामांनी मनात म्हटलं, इंग्रजीचं एक वेळ बघता येईल, पण तोंड बंद? आपल्या घराण्यात मेलेला माणूससुद्धा इतका गप्प पडून राहिला नसेल.

घरी मामांच्या बायकोनं लगेच धाकट्या बहिणीला बोलावणं धाडलं. ही मेहुणी शाळेत इंग्रजी शिकवायची आणि दोनच जिने वर राहायची. मामा तिला मास्तरीणबाई म्हणायचे, ती त्यांना भावोजी म्हणायची, आणि दोघांचं एकमेकांवाचून चालायचं नाही पण एकमेकांशी पटायचंही नाही. ती खडू घेऊनच आली. स्वयंपाकघराच्या दाराची मागची बाजू काळपट होती, तोच फळा झाला.

"भावोजी, म्हणा, गेट अप. ऊठ."

"कशाला उठवायचं?"

"कशाला नाही. नुसतं गेट अप. हे सगळे शब्द जोडीनं येतात आणि यांना कर्म लागत नाही."

"त्यांना लागत नसेल. इथे माझं फुटलंय ना!"

बायको भांडी घासता घासता खुदकन हसली. मेहुणी हसली नाही. वर्गात असली पोरं तिनं रोज पाहिली होती.

"डाउन म्हणजे खाली, एवढं मान्य?" मामांनी विचारलं.

"मान्य."

"मग ट्रक ब्रेक डाउन होतो, तेव्हा खाली कुठे जातो? जागच्या जागीच तर उभा असतो, मेला, माझ्या फाटकात! आणि काल ते काय सांगितलंस, गो ऑफ. दिवा गो ऑफ झाला म्हणजे?"

"विझला."

"आणि गजर गो ऑफ झाला म्हणजे?"

"वाजायला लागला."

मामांनी दोन्ही हात जोडले. "एक विझतो, एक बोंबलतो, आणि शब्द तोच! ही भाषा आहे की चेष्टा?"

"आपल्याकडे दिवा लागतो, भूक लागते, ठेच लागते आणि माणूस कामालाही लागतो. त्याचं काय, भावोजी?"

"ते कुणालाही कळतं!"

"घोका मुकाट्यानं," बायको म्हणाली. "फाटक गेलं तर दिवसभर घरात बसाल माझ्या डोक्याशी. मला ते झेपायचं नाही." हे ती चेष्टेत म्हणाली, पण तिचा हात घासता घासता थांबला होता. मामांनी ते पाहिलं आणि घोकायला बसले.

घोकणं म्हणजे काय, तर छळ. या वयात डोक्यात काही शिरत नाही, शिरलं तर राहत नाही, राहिलं तर वेळेवर बाहेर येत नाही. दात घासताना 'गेट अप', जिना उतरताना 'लाय डाउन'. एकदा ट्रक ड्रायव्हरला 'बॅक ऑफ', म्हणजे लांब हो, म्हणायच्या ऐवजी ते 'कम बॅक' म्हणाले आणि त्या शहाण्यानं खरंच ट्रक परत फाटकाकडे आणून दांडा वाकवला. मॅनेजरची बोलणी कुणी खाल्ली? मामांनी. साहेब केबिनच्या सावलीत बसून सगळं पाहत होता.

आणि हा साहेब! मेहुणी पहिल्या आठवड्यात एकदा फाटकावर आली, सहज म्हणाली, "सिट डाउन," आणि पठ्ठ्या लगेच बसला. मामांना असा संताप आला, की विचारू नका. ते तिच्यादेखत तेच दोन शब्द म्हणाले, तर हा नुसता टकामका बघतोय. पुन्हा म्हणाले. पुन्हा तेच. मग मामांचा बांध फुटला.

"अरे मेल्या, कान आहेत की पानं? तिचं ऐकतोस, माझं ऐकायला काय होतं रे? माझ्या जिवावर सावलीत लोळतोस, माझीच बिस्किटं खातोस, आणि मलाच ओळख दाखवत नाहीस? बस आता!"

इतकं ऐकून घेतल्यावर साहेब आपला बसला. कंटाळून बसला असेल. पण बसला ना? मामांनी खिशातून बिस्कीट काढून त्याच्यापुढे धरलं. "असं करायचं असतं," ते मेहुणीला म्हणाले. मेहुणीनं कपाळाला हात लावला.

मग तो रोजचाच क्रम झाला. आधी इंग्रजी हुकूम, जसा जमेल तसा. साहेब ढिम्म. मग मराठीत हजेरी. उठवायचं असेल तर, "लोळतोय बघा नवरदेव! वरात दारात आली तरी हा झोपलेलाच. ऊठ आता!" बोलवायचं असेल तर, "कुठं उलथला होतास? सगळ्या ट्रकची चाकं हुंगून झाली का? फीर मागं!" आडवं करायचं असेल तर, "दमलास ना उगाच भुंकून? त्या मांजरानं ढुंकून तरी पाहिलं का तुझ्याकडे? पड आता!" आणि शेवटी बिस्कीट. हळूहळू साहेब इतका चटपटीत झाला, की मामांना वाटायला लागलं, आपल्या जिभेला वळण लागलं. तसं ते लागतही होतं. दाराचा फळा भरत होता, पुसला जात होता, पुन्हा भरत होता. मामा आता कुढत का होईना, पण चुकत नव्हते.

एके दिवशी बायको डबा द्यायला आली, तेव्हा मामा साहेबाला सुनावत होते. गेल्या रात्री जावयानं फोन लवकर ठेवला इथपासून ते मॅनेजर फुकटचा शहाणा आहे इथपर्यंत सगळं त्यात आलं. साहेब मान वाकडी करून ऐकत होता. बायको दांड्यापाशी उभी राहून ते बघत राहिली.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"काही नाही. तुमची अशी बोलणी आजवर दोघींनीच खाल्ली, मी आणि आपल्या लेकीनं. परक्याशी तर तुम्ही किती गोड बोलता! हा तिसरा झाला म्हणायचा."

"काहीतरीच काय! कुत्र्याला शिकवतोय मी."

लेक सासरी गेल्यापासून घरात मामांना ओरडायला कुणी उरलं नव्हतं, हे खरं होतं. बायकोला ओरडायची आता सोय नव्हती, ती दुप्पट ओरडायची. मामांनी डबा उघडला आणि पहिला घास साहेबाला काढून ठेवला.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मेहुणी उजळणी घ्यायला फाटकावरच आली. मामांनी सगळे शब्द धडाधड म्हणून दाखवले. उच्चारसुद्धा असे, की मेहुणीनं भुवया उंचावल्या. "शाब्बास, भावोजी! तुम्ही माझ्या वर्गात असता ना, तर पहिल्या बाकावर बसवलं असतं." मग ती साहेबाकडे वळली. "सिट डाउन." साहेब तिच्याकडे बघत उभाच राहिला. तिनं पुन्हा म्हटलं. तो जांभई देऊन दुसरीकडे बघायला लागला.

"बघ, बघ! आता तुझंही ऐकत नाही." मामांना अगदी गुदगुल्या झाल्या. "आता फक्त माझंच ऐकतो तो."

"उद्या ऐकला म्हणजे मिळवली," मेहुणी फणकाऱ्यानं म्हणाली. "आणि एक लक्षात ठेवा. उद्या तोंडातून मराठीचा एक शब्द निघता कामा नये. ट्रेनरनं सांगितलंय ना? हुकूम एकदा, मग तोंड बंद."

"आईशप्पथ!" मामांनी गळ्याला चिमटा घेतला.

दुसऱ्या दिवशी ट्रेनर सकाळीच व्हॅन घेऊन आला. माल उतरवायचं थांबवून हमाल फरशांच्या खोक्यांवर चढून बसले. मॅनेजर आला, मेहुणी शाळेत उशिरा येते म्हणून सांगून आली, बायको तिच्या पदराआड उभी राहिली. मामांनी धुतलेला शर्ट घातला होता. शिट्टी चकचकीत केली होती.

"करा सुरू," ट्रेनर म्हणाला.

मामांनी छाती भरून श्वास घेतला. "सिट डाउन." एकदाच. स्पष्ट. आणि तोंड मिटलं.

साहेबानं कान टवकारले, शेपटी हलवली आणि मामांच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

मामांच्या जिभेच्या टोकाशी 'मेल्या' आला. पण त्यांनी शप्पथ घेतली होती. ट्रेनरनं पुढचा हुकूम द्यायची खूण केली. "लाय डाउन." साहेब उभा. "कम बॅक." तो गेलाच नव्हता, तर परत काय येणार! "बॅक ऑफ." साहेब उलट एक पाऊल पुढे आला आणि मान वर करून मामांच्या तोंडाकडे बघू लागला. एरवी वाहणारं यांचं तोंड आज का बंद आहे, हे त्याला काही कळेना. खोक्यांवर खसखस पिकली. बायकोनं डोळे मिटून घेतले.

"थांबा," ट्रेनर म्हणाला, "मी बघतो." त्यानं स्वतः हुकूम दिले. ज्यानं हे सगळं शिकवलं त्याच्याकडे साहेबानं पाहिलंसुद्धा नाही. ट्रेनरचा चेहरा उतरला. मॅनेजरनं घड्याळ बघितलं. "मामा," तो म्हणाला, "मग आता काय करायचं?"

संपलं. महिनाभर दातांच्या कण्या केल्या, मेहुणीच्या तोंडून स्वतःला ढ म्हणवून घेतलं, झोपेत बडबडलो, आणि हे कुत्रं ऐन वेळी तोंडावर पाडतं! फाटक गेलं. मामांचं डोकं असं सणकलं, की शप्पथ गेली खड्ड्यात.

"अरे कृतघ्ना! तुझ्यापायी या वयात इंग्रजी शिकलो मी, इंग्रजी! स्वतःच्या सासऱ्यापुढे कधी मान खाली घातली नाही, ती मेहुणीपुढे घातली. आणि तू चारचौघांत माझी शोभा करतोस? कान आहेत की पानं, मेल्या? बस आता!"

साहेब खटकन बसला.

मामांच्या ते लक्षातही आलं नाही. "बसून काय करतोस आता? नवरदेव झालास का? ऊठ आता!" साहेब उठला. "जा तुझ्या त्या ट्रेनरकडे, तोच तुला लखलाभ! फीर मागं!" साहेब जायला वळला तसा लगेच माघारी फिरला. "दमलास ना उगाच? पड आता!" साहेब सपशेल आडवा झाला आणि मामांच्या खिशाकडे बघायला लागला.

खोक्यांवरून हमालांनी असा गलका केला की फरशा फुटतील की काय. मामा भानावर आले. मेहुणीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे भावोजी इंग्रजी शिकले आणि हा मराठी!"

मॅनेजरलाही हसू आवरेना. तो पुढे येऊन म्हणाला, "बस आता." साहेब पडूनच राहिला. त्यानं ओरडून बघितलं, तरी नाही. हमालांच्या मुकादमानं जरा शिव्या घालून बघितलं. साहेबानं डोळासुद्धा हलवला नाही. तो मामांच्या आवाजातली, मामांच्या तोंडची सगळी हजेरी ऐकून घ्यायचा आणि शेवटच्या शब्दाला कामाला लागायचा. दुसऱ्या कुणाला ते यायचं नव्हतं.

ट्रेनर मात्र हसला नाही. त्यानं मामांना बाजूला घेतलं. "मामा, तुमचं इंग्रजी अगदी नीट आहे. मला हवं तसं. तुम्ही पास, फाटक तुमचं. तसं मी आत्ताच सांगतो मॅनेजरसाहेबांना. पण या कुत्र्याला मी इथे ठेवू शकत नाही. तुम्ही सुटीवर असाल, त्या दिवशी कुणी घुसलं तर? मला तो मुळापासून शिकवावा लागेल. तुम्हाला उद्या दुसरा देतो."

मामांच्या कानात फक्त 'फाटक तुमचं' एवढंच शिरलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. त्यांनी ट्रेनरचा हात दोन्ही हातांत धरला, बायकोकडे बघून मान हलवली, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. हमाल ओरडले, "माणूस पास, कुत्रा नापास!" मामासुद्धा हसले. मग ट्रेनरनं व्हॅनचं मागचं दार उघडलं, तेव्हा उरलेलं सगळं त्यांच्या कानात शिरलं.

"गेट इन," ट्रेनर म्हणाला. साहेब हलला नाही. पट्ट्याला धरून ओढलं तर चारही पाय रोवून गुरगुरला. ट्रेनरनं पट्टा सोडला. "मामा, तुम्हीच सांगा."

मामा व्हॅनपाशी गेले. "गेट इन," ते म्हणाले. स्पष्ट, एकदाच, अगदी मेहुणीनं शिकवलं तसं. साहेबानं शेपटी हलवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

"तसं नाही, मामा," ट्रेनर हळूच म्हणाला. "तुमच्या पद्धतीनं."

मामांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच बोलणं सुचेना. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं. तो फोनवर बोलत होता. मेहुणीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. बायको एवढंच म्हणाली, "अहो, बोला ना. तो थांबलाय."

"मेल्या," मामा म्हणाले आणि थांबले. मग पुन्हा सुरू झाले. "मेल्या, बघतोस काय असा? फुकटची बिस्किटं खाऊन खाऊन... किती खाल्लीस रे माझी? नीट राहा आता तिकडे. मांजरांच्या मागे लागू नकोस. कुणी रागावलं तर ऐकून घे, तुला काय, सवय आहे." आवाज फाटला, पण त्यांनी तो रेटला. "कान आहेत की पानं तुला? चढ आता!"

हा शब्द मामांनी त्याला कधीच शिकवला नव्हता. तरी साहेब टुणकन व्हॅनमध्ये चढला, आत गोल फिरला, बाहेर तोंड करून बसला आणि मामांच्या खिशाकडे बघायला लागला. मामांनी खिशात हात घातला. तेवढ्यात ट्रेनरनं दार लावून घेतलं.

व्हॅन सुरू झाली आणि फाटकापाशी येऊन थांबली. आडवा दांडा खालीच होता. ड्रायव्हरच्या जागेवरून ट्रेनरनं एकदा हॉर्न वाजवला. दांडा वर करायचं काम मामांचं होतं, आता कायमचंच. ते केबिनपाशी गेले, एका हातात बिस्कीट तसंच धरून दुसऱ्या हातानं त्यांनी दांडा वर केला आणि व्हॅन गेल्यावर खाली आणला.